आधी माणसं, मग रेकॉर्ड

१९८० साली लंडनमधल्या डेव्हिड ग्रँट आणि पीटर मार्टिन या जोडीने ‘यू आर लाइंग’ नावाचं एक गाणं काढलं. लिंक्स हे त्यांच्या बँडचं नाव. प्रती काढल्या फक्त एक हजार, आणि त्या विकायला ठेवल्या सिटी साउंड्स या सोल आणि डिस्को संगीताच्या दुकानात. प्रती हातोहात खपल्या, क्रिसलिस या कंपनीने करार केला आणि गाणं ब्रिटनच्या खपाच्या यादीत पंधराव्या क्रमांकापर्यंत चढलं. ग्रँट पुढे बीबीसीवर गाणं शिकवणारा शिक्षक म्हणून घराघरांत माहीत झाला.

ज्यांच्या दारी अशी कुठलीच क्रिसलिस आली नाही, त्यांच्याबद्दल हे प्रकरण आहे. त्याच काळात त्याच शहरात आणि आसपासच्या गावांत कितीतरी बँडांनी पदरमोड करून पाचशे-हजार प्रती काढल्या. काही विकल्या, काही मित्रांना आणि डीजेंना वाटल्या, उरलेल्या घरातल्या पलंगाखाली गेल्या. आपल्याकडे स्वखर्चाने छापलेल्या पहिल्या कवितासंग्रहाचं जे होतं, तेच त्यांचं झालं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी त्यातली एखादी रेकॉर्ड जपानमधल्या किंवा जर्मनीतल्या संग्राहकाच्या कानावर पडते, तिची किंमत शेकडो पौंडांवर जाते, आणि मग कुणीतरी म्हणतं, ही पुन्हा काढायला हवी. हे ‘पुन्हा काढणं’ म्हणजे नेमकं काय काय करणं, ते बघू.

आधी त्या संगीताविषयी थोडं. १९७३ साली अमेरिकेत हर्बी हॅनकॉकचा ‘हेड हंटर्स’ हा अल्बम आला. त्यानंतरच्या वर्षांत डोनाल्ड बर्ड, रॉय एअर्स, लॉनी लिस्टन स्मिथ अशा जॅझच्या मुशीत तयार झालेल्या वादकांनी फंकचा ठेका घेऊन एल्पी काढल्या. जॅझमधली मोकळी, उत्स्फूर्त सुरावट वर आणि नाचायला लावणारा बेस खाली, अशी ही जॅझ-फंकची रचना. दक्षिण इंग्लंडमधल्या तरुणांनी त्यावर नाच केला. कॅन्व्ही आयलंडवरचा गोल्डमाइन, सोहोतल्या वॉर्डर स्ट्रीटवरचा क्रॅकर्स, कॅमडनचा इलेक्ट्रिक बॉलरूम ही त्या मंडळींची ठिकाणं. १९७९ पासून नॉरफोकच्या किनाऱ्यावर कॅस्टरला शनिवार-रविवार जोडून मोठे मेळावे भरू लागले. बीबीसी रेडिओ लंडनवर रॉबी व्हिन्सेंटचा शनिवारचा कार्यक्रम होता, आणि परवान्याशिवाय चालणारं रेडिओ इन्व्हिक्टाही होतं.

मग ऐकणाऱ्यांनीच वाद्यं हातात घेतली. लाइट ऑफ द वर्ल्ड, इन्कॉग्निटो, लेव्हल ४२, फ्रीझ, अ‍ॅटमॉस्फिअर. या बँडांतले पुष्कळ वादक कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कुटुंबांतली ब्रिटनमध्ये वाढलेली मुलं होती. वेस्ट एंडच्या काही क्लबांत कृष्णवर्णीय तरुणांना दारातूनच परत पाठवलं जायचं. अशा शहरात कंपनीच्या कचेरीत जाऊन ‘आमचं वादनाचं गाणं काढा, यात गायक नाही’ असं म्हणणं किती अवघड असेल, याची कल्पना करता येते. त्यामुळे स्वतःच रेकॉर्ड काढणं हा हौसेपेक्षा नाइलाजाचा मार्ग होता.

या संगीताचा बाजार दुकानांभोवती फिरत असे, आणि अनेकदा दुकानदार, वितरक आणि वादक ही एकच व्यक्ती असायची. हार्ल्सडनमध्ये ऑल इअर्स नावाचं दुकान चालवणारा अँडी सोयका हा अ‍ॅटमॉस्फिअरचा गिटारवादक. त्याने एलिट नावाचं लेबल काढलं आणि १९७९ साली ‘डान्सिंग इन आउटर स्पेस’ त्यावर आणलं. ते पुढे एमसीए या कंपनीने उचललं. लेव्हल ४२ची पहिली रेकॉर्ड ‘लव्ह मीटिंग लव्ह’ हीसुद्धा १९८० साली एलिटचीच. फ्रीझच्या जॉन रॉकाने ‘कीप इन टच’ आधी स्वतःच्या पिंक रिदम या लेबलवर काढलं, मग ते पाय कंपनीच्या कॅलिबरकडे गेलं. वर्षभरात ‘सदर्न फ्रीझ’ ब्रिटनच्या यादीत आठव्या क्रमांकावर पोचलं. लेव्हल ४२ पॉलिडोर कंपनीकडे गेल्यावर एलिटसाठी केलेलं त्यांचं जुनं ध्वनिमुद्रण १९८२ साली ‘द अर्ली टेप्स’ म्हणून बाहेर आलं. ते येऊ शकलं, कारण ते कुणाच्या ताब्यात आहे हे माहीत होतं आणि त्यात पैसा दिसणारी एक मोठी कंपनी पाठीशी होती. बाकीच्यांपाशी या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

म्हणून मला वाटतं, रेकॉर्ड दुर्मिळ असणं हा तिचा गुण नव्हे. ती दुर्मिळ झाली ती दर्जामुळे नाही आणि दर्जाच्या अभावामुळेही नाही. प्रती कमी निघाल्या, कारण पैसे तेवढेच होते. खपाच्या यादीत त्या दिसल्या नाहीत, कारण ती यादी ठरावीक दुकानांच्या विक्रीवर बेतलेली असे आणि मोटारीच्या डिकीतून झालेली विक्री तिथे मोजलीच जात नसे. संग्राहक किंमत वाढवतात, ती या अपघाताची. त्या किमतीतला एक पैसाही वादकाला मिळत नाही, कारण जुनी प्रत एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा व्यवहार त्या दोघांपुरताच असतो. ‘डिस्कॉग्ज’ या २००० साली सुरू झालेल्या रेकॉर्डसूचीवर आज कुठलीही जुनी रेकॉर्ड शेवटची कितीला विकली गेली ते दिसतं. ज्याने ती वाजवली तो मात्र बऱ्याचदा या आकड्यांपासून पूर्ण अनभिज्ञ असतो.

या अज्ञानाचा फायदा घेणारेही असतात. चांगली प्रत मिळवायची, ती संगणकात उतरवायची, कुठल्याशा कारखान्यातून तीनशे प्रती काढायच्या आणि ‘अधिकृत’ असल्याच्या थाटात विकायच्या. खरेदी करणाऱ्याला फरक कळत नाही. असल्या चोरट्या प्रतीला संग्राहक नाकं मुरडतात ती आवाज वाईट म्हणून. खरं तर नाक मुरडायचं कारण वेगळं आहे. चाळीस वर्षांपूर्वी ज्याला कुणी विचारलं नाही, त्याला आता त्याच्याच कामाबद्दल पुन्हा एकदा न विचारणं, हा त्याच्यावर दुसऱ्यांदा झालेला अन्याय आहे.

प्रामाणिक लेबलचं काम सुरू होतं ते शोधापासून. हातात असते फक्त एक रेकॉर्ड. मधोमधच्या कागदी लेबलवर बँडचं नाव, गाण्याचं नाव, कंसात एक-दोन आडनावं, क्वचित स्टुडिओचं नाव. पत्ता असला तर तो बहुधा एखाद्याच्या आईवडिलांच्या घराचा, आणि ते घर केव्हाच विकलेलं. कित्येक बारा-इंची रेकॉर्डींना कव्हरही नसतं. मधे गोल भोक असलेलं कोरं पाकीट, आणि पांढऱ्या लेबलवर रबरी शिक्का.

अशा वेळी जाणकार माणूस रेकॉर्ड दिव्याखाली तिरपी धरतो. गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, तिथे बारीक अक्षरं कोरलेली असतात. ती तबकडी कापणाऱ्याने हाताने किंवा शिक्क्याने उमटवलेली असतात, आणि छापील लेबलवर जे नसतं ते तिथे सापडतं. ‘एलवायएन’ आणि पुढे आकडे असले, तर काम लंडनच्या लिनटोन कारखान्यातून गेलेलं. ‘एसआरटी’, मग वर्षाचे दोन आकडे, मग ‘सीयूएस’ आणि क्रमांक, अशी रचना असेल, तर ती साउंड रेकॉर्डिंग टेक्नॉलॉजीकडून करवून घेतलेली खासगी ऑर्डर. टेप आणि पैसे पाठवा, रेकॉर्डी घेऊन जा, असा त्यांचा व्यवहार होता. ‘ए पॉर्की प्राइम कट’ अशी अक्षरं दिसली, तर ती जॉर्ज पेकम या नामांकित कटिंग इंजिनिअरची खूण; म्हणजे या फाटक्या खिशाच्या बँडने तबकडी कापून घेण्यावर मात्र कंजुषी केली नव्हती. एवढ्यावरून वर्ष ठरतं, शहराचा अंदाज येतो आणि कुठल्या माणसांना विचारायचं ते कळतं.

त्यानंतरचा शोध पायपिटीचा आणि फोनाफोनीचा. कंसातल्या आडनावांनी संगीतकार म्हणून नोंदणी केली असेल, तर पीआरएस या १९१४ पासून चालत आलेल्या संस्थेच्या नोंदीत ती सापडतात. ढोलकऱ्याने पुढे दुसऱ्या कुणाच्या एल्पीवर वाजवलेलं असतं. ट्रम्पेटवाला शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेला असतो. एक सापडला की तो दुसऱ्याचं नाव सांगतो, आणि त्याच दमात तिसऱ्याशी आपलं का बिनसलं तेही सांगतो. भांडणं तेव्हाची असतात, पण मिटलेली नसतात. पुनःप्रकाशन करणाऱ्याला इथे कायद्यापेक्षा जास्त उपयोग होतो तो ऐकून घेण्याच्या तयारीचा. पहिल्या फोनवर पैशांविषयी बोलणाऱ्याला बहुतेक वेळा दुसरा फोन करायची संधीच मिळत नाही.

पण कायदा टाळता येत नाही, आणि तो वाटतो त्याहून रंजक आहे. एका रेकॉर्डमध्ये दोन वेगळे हक्क असतात: रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा. रचनेचा हक्क संगीतकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर सत्तर वर्षं. ध्वनिमुद्रणाचा हक्क ब्रिटनमध्ये पूर्वी प्रकाशनापासून पन्नास वर्षं होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये तो सत्तर झाला. म्हणजे १९८० साली निघालेली रेकॉर्ड २०५० संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीची आहे. ही मुदतवाढ मोठ्या कंपन्यांच्या आणि साठच्या दशकातल्या प्रसिद्ध नावांच्या आग्रहामुळे झाली असं म्हटलं जातं. पण तिचा फायदा पलंगाखाली रेकॉर्डी पडलेल्या माणसालाही मिळाला.

मालक कोण, हे ठरवायला मात्र त्या काळचा कायदा बघावा लागतो. १९७९ किंवा १९८० सालचं ध्वनिमुद्रण १९५६च्या कायद्याखाली येतं. त्यात तत्त्व असं की, ज्याने पैसे मोजून ध्वनिमुद्रण करवून घेतलं, हक्क त्याचा. वेगळा करार असेल तरच निराळं. स्वखर्चाने रेकॉर्ड काढणाऱ्यांना हा नियम किती अनुकूल आहे बघा. स्टुडिओचं बिल बँडने भरलं असेल, तर स्टुडिओ किंवा टेप सांभाळणारा माणूस मालक ठरत नाही. पण ते बिल आज कोण दाखवणार? पाच जणांनी मिळून पैसे घातले असतील, तर पाचही जणांच्या सह्या हव्यात. त्यातला एक वारला असेल, तर त्याच्या पत्नीची किंवा मुलांची. एखाद्या मेहुण्याने पैसे दिले असतील आणि ‘हे माझंच’ असं तो आजही म्हणत असेल, तर आणखी एक भेट.

सगळ्यात विलक्षण अवस्था होते ती लेबल ही नोंदणीकृत कंपनी असली आणि पुढे ती विसर्जित झाली तर. इंग्लंडमध्ये विसर्जित कंपनीच्या नावावर जे काही उरलं असेल, ते राजसत्तेकडे जातं. त्यात जमीन येते, बँकेतली शिल्लक येते, आणि कॉपीराइटही येतो. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय लँकेशरच्या जुन्या हद्दीत असेल तर ते डची ऑफ लँकेस्टरकडे, कॉर्नवॉलमध्ये असेल तर डची ऑफ कॉर्नवॉलकडे, अन्यत्र असेल तर सरकारच्या विधी खात्याकडे. म्हणजे हॅकनीतल्या चार मुलांनी एका रात्रीत वाजवलेल्या फंकचा कायदेशीर मालक इंग्लंडचा राजा असू शकतो, आणि त्या मुलांना आपलंच ध्वनिमुद्रण सरकारकडून विकत घ्यावं लागू शकतं. हिशेब आणि विवरणपत्रं वेळेवर दाखल केली नाहीत की कंपनी नोंदवहीतून काढली जाते. छोट्या लेबलांचं पुष्कळदा असंच व्हायचं. मालक सापडतच नसेल, तर २०१४ पासून ब्रिटनच्या बौद्धिक संपदा कार्यालयाकडून अशा बेवारस कृतीचा परवाना घेता येतो. पण त्याआधी शोध मनापासून घेतला होता हे कागदोपत्री दाखवावं लागतं.

रचनेच्या हक्काचं काम त्या मानाने सरळ. एमसीपीएस या संस्थेकडे अर्ज करायचा, घाऊक भावाच्या साडेआठ टक्के रक्कम संगीतकारांसाठी भरायची. चांगला कारखाना हा परवाना बघितल्याशिवाय काम हातात घेत नाही. बँडबरोबरचा करार दोन तऱ्हांचा असतो: आगाऊ रक्कम आणि विक्रीवर ठरावीक टक्के, किंवा खर्च वळता करून उरलेल्या नफ्याची निम्मी-निम्मी वाटणी. लहान लेबलांत दुसरी पद्धत बरीच रूढ आहे. मला ती जास्त न्याय्य वाटते, मात्र हिशेबाची वही दोन्ही बाजूंना बघता आली पाहिजे.

सह्या झाल्या की प्रश्न येतो आवाज कुठून घ्यायचा. मूळ टेप मिळाली तर उत्तमच, पण तीही जशीच्या तशी लावता येत नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून वापरात आलेल्या अँपेक्सच्या ४०६, ४५६ अशा टेपांमध्ये चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ हवेतली आर्द्रता शोषून घेतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेली अशी टेप यंत्रावर लावली की ती चिकटते, किंचाळते, आणि तिच्यावरचा तपकिरी थर खरवडून निघतो. तो थर म्हणजेच संगीत. उपाय असा की टेप सुमारे पन्नास ते पंचावन्न अंश सेल्सिअसला कित्येक तास मंद तापवायची. आर्द्रता निघून जाते आणि पुढचे काही आठवडे टेप नीट वाजते. तेवढ्यात ती उतरवून घ्यायची. घरगुती भट्टी यासाठी चालत नाही, कारण तिचं तापमान वर-खाली होतं. जोड दिलेल्या जागा सुटतात, त्या पुन्हा चिकटवाव्या लागतात. टेपच्या सुरुवातीला जुन्या इंजिनिअरने एकसुरी चाचणी-स्वर नोंदवून ठेवले असतील, तर नशीब. त्यावरून यंत्र जुळवलं की तेव्हाचा समतोल सापडतो.

पण स्वखर्चाने काढलेल्या रेकॉर्डींच्या टेपा फार क्वचित हाती लागतात. स्टुडिओ बंद पडला, जागा विकली, कपाटं रिकामी करून कचऱ्यात गेली. मग उरते ती रेकॉर्डच, आणि तिच्यावरूनच आवाज परत उभा करायचा.

दोन-तीन प्रती मिळवायच्या, कारण एकीवर जिथे ओरखडा असतो तिथे दुसरी स्वच्छ असू शकते. प्रती धुवायच्या. भोक मध्यबिंदूपासून जरा जरी सरकलेलं असलं तरी प्रत्येक फेऱ्यात सूर वर-खाली हेलकावतो; इलेक्ट्रिक पियानोच्या लांबलेल्या स्वरात ते लगेच कळतं, म्हणून तबकडी हाताने मध्यावर आणून मगच वाजवायची. पिन कुठली, तिची धार कशी घडवलेली, यावर पुष्कळ अवलंबून असतं. आधीच्या मालकांच्या पिनांनी खाचेचा जो भाग झिजवला त्याच्या वर किंवा खाली बसणारी पिन निवडली, तर आवाज आश्चर्य वाटावं इतका सुधारतो.

एल्पीची एक अडचण कुठल्याही पिनेने सुटत नाही. मिनिटाला साडेतेहतीस फेरे घेणाऱ्या तबकडीच्या बाहेरच्या कडेला खाच पिनेखालून सेकंदाला साधारण एक्कावन्न सेंटिमीटर वेगाने सरकते. आत, लेबलपाशी, तो वेग एकवीसवर येतो. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबला गेल्यामुळे बाजूच्या शेवटच्या गाण्यात झांजा फाटल्यासारख्या येतात. अनुभवी निर्माता शेवटी संथ गाणं ठेवतो. पहिल्यांदाच रेकॉर्ड काढणाऱ्या मुलांना हे कुणी सांगितलेलं नसतं. ते जोशात शेवटी सगळ्यात जोरकस गाणं ठेवून देतात. बारा-इंची, पंचेचाळीस फेऱ्यांच्या रेकॉर्डीत ही अडचण कमी, कारण वेगही जास्त आणि गाणंही एकच. नाचाच्या संगीताने ते माप उचललं त्यामागे हे साधं गणित आहे.

मग येतात खरखर आणि टिकटिक. संगणक टिकटिक ओळखतो ती कशावरून? आवाज अचानक, एका सेकंदाच्या हजाराव्या भागात उसळी घेतो आणि तितक्याच झटक्यात खाली येतो, यावरून. पण जॅझ-फंकचा बेसवादक अंगठ्याने तारेवर प्रहार करतो तेव्हा नेमकं तेच घडतं. हाय-हॅटवर काठी पडते तेव्हाही तेच. यंत्राला धूळ आणि अंगठा यातला भेद कळत नाही. सरसकट सफाई केली की टिकटिक जाते आणि तिच्याबरोबर बेसची धारही जाते. रेकॉर्ड स्वच्छ होते आणि निर्जीव होते. बाजारात अशा पुनःप्रकाशित रेकॉर्डी भरपूर आहेत. ऐकताना काहीतरी चुकतंय हे कळतं, पण काय ते सांगता येत नाही, कारण मूळ प्रत ऐकलेली नसते. म्हणून चांगला इंजिनिअर पडद्यावर आवाजाची रेघ ताणून मोठी करतो, एकेक टिकटिक शोधतो, तेवढीच पुसतो, आणि शंका आली तर ठेवून देतो. चाळीस मिनिटांच्या रेकॉर्डला यात दिवसच्या दिवस जातात. शेवटी फाईल मूळ बेसवादकाला पाठवली जाते, आणि इथे त्याच्या कानापेक्षा मोठा अधिकार कुणाचाच नाही. त्या रात्री खोलीत काय वाजलं होतं हे त्याला माहीत असतं.

कटिंगबद्दल थोडक्यात. अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारख्या नायट्रोसेल्युलोजचा थर असतो, त्यात नीलमण्याच्या किंवा माणकाच्या टोकाने खाच कोरली जाते. जगात अशा चकत्या करणारे कारखाने मुळात दोनच उरले होते. त्यातला कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्स ६ फेब्रुवारी २०२० रोजी जळून गेला आणि भार जपानमधल्या एका कारखान्यावर आला. युरोपात बऱ्याच जागी थेट तांब्यावर कोरण्याची पद्धत आहे. कोरलेल्या चकतीवर चांदीचा फवारा, मग निकेलचा मुलामा, त्यातून उलटा साचा, आणि त्या साच्याखाली गरम पीव्हीसीचा गोळा दाबला की अर्ध्या मिनिटात रेकॉर्ड तयार. चेक प्रजासत्ताकातल्या लोदेनित्से गावचा जीझेड मीडिया किंवा जर्मनीतला ऑप्टिमल यांच्याकडे रांग लावावी लागते. मोठ्या कंपन्यांची लाखांची ऑर्डर आली की पाचशे प्रतींचं काम मागे ढकललं जातं. नमुना-प्रती आल्या की त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकाव्यात. कंटाळा करणाऱ्याला पुढे पाचशे प्रती परत घ्याव्या लागतात.

कव्हरच्या आतल्या मजकुराबद्दल मात्र मला आग्रहाने सांगावंसं वाटतं. तिथे वादकांची नावं आली पाहिजेत, सगळ्यांची, आणि कोण काय वाजवत होतं तेही. ब्रिटिश जॅझमधल्या आपल्या माणसांच्या उदाहरणातून हे जास्त नीट कळेल. १९६६च्या ‘इंडो-जॅझ स्वीट’ या एल्पीवर तबला आहे केशव साठे यांचा आणि तंबोरा चंद्रहास पैंगणकर यांचा. जॉन रेनबर्नच्या ‘अ मेड इन बेडलॅम’ या १९७७च्या लोकसंगीताच्या एल्पीवर पुन्हा साठेच. मुंबईत जन्मलेले गोवेकर गिटारवादक अमान्सियो डिसिल्व्हा १९६७ साली लंडनला गेले, तिथे त्यांनी ‘इंटिग्रेशन’ आणि ‘हम दोनो’ केल्या. पण ‘कोंकण डान्स’ नावाचं त्यांचं सत्तरच्या दशकातलं ध्वनिमुद्रण २००६ पर्यंत तसंच पडून राहिलं. डिसिल्व्हा १९९६ सालीच वारले होते. ही कामं कंपन्यांची होती, बहुतेक जॅझ-फंकच्या आधीची होती. तरीही त्यातलं असं एखादं तीस-तीस वर्षं दडून राहिलं. साठे किंवा पैंगणकर हे लंडनमध्ये होते, हे आज आपल्याला कळतं ते कुणीतरी कव्हरवर नावं छापली म्हणून. घरगुती लेबलच्या रेकॉर्डींवर ‘सर्व मित्रांचे आभार’ एवढंच असतं, आणि त्या मित्रांतच काँगा वाजवणारा असतो.

नावांचा संबंध मानाशी आहे तसाच पैशांशीही आहे. ब्रिटनमध्ये रेकॉर्ड रेडिओवर किंवा क्लबात वाजली की त्याचे पैसे पीपीएल ही संस्था गोळा करते. त्यातला वाटा ध्वनिमुद्रणाच्या मालकाला जातो आणि वाटा वादकांना, मग त्यांचा कुणाशी करार असो वा नसो. स्टुडिओत एका दुपारसाठी येऊन दहा मिनिटं काँगा वाजवून गेलेल्या माणसालाही. पण त्यासाठी त्या गाण्याच्या नोंदीत त्याचं नाव पाहिजे. १९८० साली ही नोंद कुणी केलेली नसते, कारण रेकॉर्ड रेडिओवर लागेल असं कुणाला वाटलेलंच नसतं. पुनःप्रकाशन करणारं लेबल ती पहिल्यांदा भरतं. प्रत्येक गाण्याला एक रकाना, प्रत्येक वाद्याला एक ओळ, आणि कुठेतरी हमखास एक ओळ अडते: बासरी कुणाची होती? दोघे म्हणतात त्याचं नाव टोनी होतं, तिसरा म्हणतो टेरी. आडनाव कुणालाच आठवत नाही. फॉर्म तसाच पाठवता येतो आणि नाव नंतर घालता येतं, म्हणून लेबलवाले कव्हरवर छापतात, ‘बासरीवादकाने संपर्क साधावा’, आणि नवी रेकॉर्ड पहिल्या आठवड्यातच त्या गावच्या दुकानांत पोचेल अशी काळजी घेतात.